लायटर दादाच्या हातात होता

आई, परदेशातल्या विद्यापीठाच्या अर्जासाठी मी तुझ्याबद्दल लिहिलं. आजारपणात वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं शिक्षण मला घ्यायचंय. चांगली शाळेतली नोकरी सोडून हे का, ते अर्जासोबतच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये पटवून द्यावं लागतं. खरं कारण बोरिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात घडलं होतं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझे हातपाय बरेचसे सावरले, बोलणं नाही. ऑफिसात सगळ्यांना हसवणारी तू, आणि तोंडातून फक्त ‘मंगळवार’ निघायचं. पाणी हवं तरी मंगळवार, दुखलं तरी मंगळवार. पाहुणे आले की तू आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचीस. तुला आता काही कळत नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. त्या संध्याकाळी दादा क्लासहून आलाय, सर्दीने नाक चोंदलेलं. चहा टाकायला तो ओट्याशी जातो आणि तू आतून भिंतीला धरत धडपडत येतेस. ‘मंगळवार! मंगळवार!’

‘आज शुक्रवार आहे गं, बस ना तू,’ दादा वैतागून म्हणाला आणि त्याने लायटर उचलला. तू त्याच्या हातावर असा फटका मारलास की लायटर लांब जाऊन पडला. मी बाहेरून ओरडत आले, ‘आई, काय करतेस हे?’ आणि दारातच मला गॅसचा वास आला. एका हाताने तू दादाला मागे लोटत होतीस आणि दुसऱ्या, अजून अधू हाताने खिडकीची कडी चाचपत होतीस.

एवढंच लिहिलं होतं. अर्ज तपासून देणाऱ्या अंधेरीच्या सल्लागारबाईंनी ते बदलून मला परत पाठवलं. ‘यात तुम्ही कुठे दिसताय? हीरो तुम्ही पाहिजे ना!’ त्यांच्या मजकुरात तू लाचार, असहाय होतीस, लायटर तुझ्या हातात होता आणि मी धावत येऊन तुला वाचवलं होतं. वाचायला झकास होतं. आज संध्याकाळी मुदत संपत होती. तेच ठेवावं असं मनात आलं, पण आधी दादाने वाचावं म्हणून त्याला मुलुंडहून बोलावून घेतलं.

तो उभ्यानेच वाचत होता. ‘तू वाचवलंस? आईला?’

‘तसंच लिहितात रे सगळे.’

‘लायटर माझ्या हातात होता. मी तिच्यावर खेकसलो होतो. हे लिही, नाहीतर तिला यात घेऊच नकोस.’ त्याचा आवाज चढला होता. ‘पाहुण्यांसमोरसुद्धा यायची नाही ती. आणि तू तिला परक्या लोकांसमोर उभी करतेयस, तीही खोटी?’

मला रडू आलं, पण वेळ नव्हता. माझा जुना मजकूर परत घेतला. दादा शेजारी खुर्ची ओढून बसला आणि त्याने तुझं ढकलणं, कडी, सगळं पुन्हा एकदा तपासून घेतलं. बाईंच्या मजकुरातला लाचार हा शब्द त्याने स्वतः खोडला. मुदत संपता संपता अर्ज गेला.

तू असतीस तर तुला हे चाललं असतं का, माहीत नाही. आणखी एक गोष्ट अर्जात कुठेच नाही. झटक्याआधीचा तुझा आवाज मला आठवत नाही. दादाला आठवत असेल. विचारायचा धीर होत नाही, कारण त्यालाही आठवत नसला तर?