टोपी मी पेटीत ठेवली नाही

प्रिय रूडी,

तू पाठवलेली व्हर्जिलची टोपी त्याच्या शवपेटीत ठेव, असं बजावून सांगितलं होतंस. मी ठेवली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तुला मला शिव्या देत देत वाचता येईल. टोपी आत्ता माझ्या मांडीवर आहे.

अंत्यविधी छान झाला. नंतर चर्चच्या तळघरात हॅम, बटाट्याचं सॅलड आणि मिसेस हुडाकचा तोच घशाला कोरड पाडणारा केक. पोलादाचा कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी गावात जे म्हातारे उरलेत ते सगळे काठ्या टेकत आले होते. घात केला तो पेपरवाल्यांनी. आपल्या पिचरला दोन ओळी! ‘स्थानिक बेसबॉल संघाचे माजी खेळाडू. मोठ्या लीगमध्ये संधी मिळाली नाही.’ त्या संपादक पोराला मी फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. म्हणतो कसा, “आजी, त्यांची आकडेवारी तशी साधारणच होती हो.” म्हटलं, “बाळा, आकडेवारी घाल तुझ्या आईच्या लोणच्याच्या बरणीत. आम्ही त्याला खेळताना बघितलंय.”

तो शनिवार तू विसरणं शक्यच नाही. नऊपैकी आठवी इनिंग संपली तरी व्हर्जिलच्या चेंडूवर पाहुण्या संघाला एकही धड फटका मारता आला नव्हता. अशा वेळी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नसतो आणि बसल्या जागेवरून हलायचं नसतं, नाहीतर नाट लागते. त्याच्या संघातले गडीसुद्धा त्याच्यापासून लांब सरकून, तोंडं शिवून बसले होते. आणि नेमका तू माझ्या कानाशी लागलास, “आयरीन, मला शू लागलीये.” बाबांनी मैदानावरची नजर न काढताच दम भरला, “जो हलेल त्याचं तंगडं मोडीन.” तू हलला नाहीस. एवढासा जीव, डोळ्यांत पाणी, दात आवळलेले. शेवटी पँट भिजली, पण जागा सोडली नाहीस.

शेवटचा गडी बाद झाला तसं सगळं गाव मैदानात धावलं. तू तेवढा बाकावर रडत बसला होतास. मागच्या रांगेतली पोरं तुझ्याकडे बोट दाखवून खिदळत होती. बाबांनी जाऊन व्हर्जिलला काय सांगितलं कोण जाणे, तो गर्दीतून वाट काढत कुंपणापाशी आला. घामाने चिंब झालेली टोपी काढून त्याने तुझ्या मांडीवर ठेवली. “घे, झाक. आज अर्धा सामना मी खेळलो, अर्धा तू.” तो हसला नाही, रूडी. मी त्याला आयुष्यभर मानलं ते तेवढ्यासाठी. मोठी लीग गेली खड्ड्यात.

आता तुझं. तू ऑपरेशनला नाही म्हणालास, हे मला तुझ्या लेकीने, पॅमने सांगितलं. पोरगी रडत होती. डॉक्टर म्हणतात अजून आशा आहे, आणि तू म्हणतोस पुरे झालं. मला फोनवर काय म्हणालास? “टोपी त्याच्याबरोबर जाऊ दे, मागोमाग मीही येतोच आहे.” मी गप्प राहिले, तर तुला वाटलं म्हातारी कबूल झाली. टोपी घेऊन मी पेटीपाशी गेले होते, खोटं कशाला सांगू. व्हर्जिलचे ते मोठाले हात पाहिले आणि टोपी परत पर्समध्ये टाकली. त्याच्या मुलीने विचारलं, तेव्हा म्हटलं, “हिचं काम अजून संपलेलं नाही.”

तर मी येतेय. विमानाची मला भीती वाटते, तरी तिकीट काढलंय. तुझ्या दुखण्याचं मी नाव काढणार नाही आणि पुढे काय होईल तेही बोलणार नाही. आपल्यात ते बोलत नाहीत. नुसती शेजारी बसेन. पण शेवटचा गडी बाद व्हायच्या आधी तू उठून जायचं नाहीस. मुकाट्याने ऑपरेशनला हो म्हण. भीती वाटेल, वाटू दे. पँट भिजली तरी भिजू दे. झाकायला टोपी घेऊन येतेय.

तुझी बहीण,
अजून तुझ्या शेजारच्याच जागेवर बसलेली,
आयरीन