गाणी कोणत्या शीर्षकाखाली

ओल्शानी, ४ मार्च १९९९

ती. स्व. ग्येझाकाकांना इरेनाचा सा. न.

काकू बरी आहे ना? आमच्या वाचनालयाची सूची आता कॉम्प्युटरवर चढते आहे. विषय टाकला की शीर्षकं येतात आणि प्रत्येक शीर्षकाखाली पुस्तकांच्या एकेका ओळीच्या त्रोटक नोंदी. त्या लावायचं काम माझ्याकडे आहे. काल आपल्या लोकांचं नाव टाकलं, 'जिप्सी' नव्हे, 'रोमा', तर उत्तर आलं, 'गुन्हेगारी पाहा'. तिथे खिसेकापूंवरच्या अहवालाखाली तुमचं लग्नगीतांचं पुस्तक. मी 'लोकगीते : रोमा' असं नवं शीर्षक करून ते त्याखाली लावलं. मुख्य ग्रंथपाल हाल्कोवाबाई म्हणाल्या, शीर्षकं वरून ठरून येतात, निमूट परत ठेव. मी नाही ठेवणार.

लोभ या भांडणातही राहू द्यावा.

इरेना

ब्रेझिना, ९ मार्च

चि. इरेनास अनेक आशीर्वाद.

अगं, खिसेकापूंच्या शेजारी बसलो म्हणून माझी गाणी बेसूर होत नाहीत. आपल्या वस्तीतून खुर्चीवर बसून पगार घेणारी तू पहिली. माझ्यापायी ती घालवू नकोस, सांगतात तिथे ठेव. तुझी काकू म्हणते, पोर ताठ उभी राहिली तर हा म्हातारा तिला वाकायला शिकवतोय. तेव्हापासून बोलत नाही. जेवायला मात्र वाढते.

तुझा काका

ओल्शानी, १६ मार्च

ती. स्व. काकांना सा. न.

तुमचं ऐकलं नाही, रागावू नका. बाईंना सगळ्यांसमोर म्हटलं, लग्नात गाणं हा गुन्हा आहे असं सहीनिशी लिहून द्या, लगेच हलवते. त्यांनी सही केली नाही. नोंद स्वतःच परत 'गुन्हेगारी'त नेली आणि मला तळघरात पुस्तकं शिवायला बसवलं. माफी मागितली तर वर घेतील म्हणे. सुईने बोटं सोलली आहेत. काकूला सांगा, वाकलेली नाही.

तुमची इरेना

ब्रेझिना, २५ मार्च

चि. इरेनास अनेक आशीर्वाद.

तू तळघरात होतीस, तुला न कळवता काल येऊन गेलो. लग्नातला काळा कोट घालून हाल्कोवाबाईंपुढे उभा राहिलो. म्हटलं, गाण्यांचा लेखक आलाय, खिसेकापूंत कुठे उभं राहू, दाखवा. बाई म्हणाल्या, हळू बोला. म्हटलं, जन्मभर लग्नांत गायलोय, हळू येत नाही. वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंनी तेच पुस्तक मागितलं, आणि ते कशाखाली शोधायचं असंही विचारलं. हाल्कोवाबाई लालेलाल. माझ्यादेखत नोंद तुझ्या शीर्षकाखाली लावली.

तुला वर घेण्याचं विचारलं, तर बघू म्हणाल्या. आपल्या लोकांची बाकीची पुस्तकं अजून 'गुन्हेगारी'तच आहेत. पुढच्या बुधवारी पुन्हा येतोय, आणि या खेपेला काकूही येतेय. तिचा आवाज तुला माहीतच आहे.

ग्येझाकाका