पहारेकऱ्याची फेरी

३ जून

चि. सौ. छबीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

एक कोडे तुझ्याही ध्यानात आले असेल. तुझी जी मुलगी सात आठे छप्पन आठवड्यात तीनदा विसरते, तिला हातातल्या त्या गेममधल्या किल्ल्याच्या बत्तीस खोल्या चोरवाटांसकट तोंडपाठ कशा?

पाढा चुकला तर काय बिघडते, हे तिला दिसत नाही. गेममध्ये मात्र पहारेकऱ्याची फेरी ओळखायला चुकले की तीन हृदयांपैकी एक तिथल्या तिथे विझते. मग ती थांबते, फेरी मोजते, खडा दुसरीकडे फेकून त्याला तिकडे वळवते. निरीक्षण, अंदाज, पडताळा. हेच शिकवायला मी वर्षभर घसा फोडतो. शिवाय हरले तरी डाव पुन्हा सुरू होतो, म्हणून चुकायची भीती नाही.

हे मेहुण्यांना जरूर वाचून दाखव. त्यांना वाटते तसा आपल्या भिंगरीच्या मेंदूचा भुगा झालेला नाही. तिला किल्ल्याचा नकाशा आठवणीने काढायला सांग आणि मला पाठव.

मास्तरकी पुरे. लोभ आहेच, तो पत्रातून पोचता होऊ दे.

तुझा दादा

१२ जून

ती. दादास, छबीचा सा. न.

तुझे पत्र ह्यांना वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर ह्यांनी शेजारच्या आमच्या कारखान्यातून घण आणला, गेम ओट्यावर ठेवला आणि मुलीच्या देखत फोडला. ती रडली नाही. काचा वेचत बसली. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, न्हाणीघरात घसरले. अक्षर डाव्या हाताचे आहे, मास्तरांनी गुण कापू नयेत.

नकाशा सोबत आहे. तू किल्ला मागितलास, तिने आमचे घर काढले. भाची तुझीच, प्रश्न नीट वाचत नाही.

काळजी करू नकोस, आठवण मात्र कमी करू नकोस.

तुझी छबी

१७ जून

चि. सौ. छबीस आशीर्वाद.

हे पत्र घरी नव्हे, तुझ्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. मुलीने प्रश्न नीट वाचला होता. पहारेकऱ्याच्या फेरीची ठिपक्यांची रेघ कारखान्यातून निघून स्वयंपाकघरात येते, तिथून न्हाणीघरात जाते. न्हाणीघरात फुली आहे आणि तिच्याशेजारी लोखंडी पाना. तुझ्या डोक्यावर तीन हृदये आहेत, त्यातली दोन खोडलेली. प्रत्येक दाराची कडी कोणत्या बाजूला, हेही तिने दाखवले आहे.

तू घसरली नाहीस. माझे पत्र त्यांना वाचून दाखवायला लावले, हा माझा अपराध. तुमच्या घरात डाव पुन्हा सुरू होत नाही.

शाळेतली प्रवेशांची गडबड संपताच, २८ तारखेला, गाडी घेऊन येतो. तोवर उलट बोलू नकोस. जपून राहा, एवढेच मागणे.

दादा

२५ जून

ती. दादास, सा. न.

२८ ला त्या घरी जाऊ नकोस. आम्ही दोघी शिवणवर्गाच्या बाईंकडे आहोत.

तुझे पत्र त्याला माझ्या पिशवीत सापडले. परवा कारखान्याला सुट्टी होती, बाहेरच्या शटरला कुलूप होते. त्याने माझे केस धरून डोके भिंतीवर आपटले, एकदा, पुन्हा एकदा, मग पाना उचलला. तेवढ्यात घर आणि कारखाना यांमधल्या दारापलीकडे लेथ यंत्र घरघरू लागले. भिंगरीने घरातल्या बोळातले कारखान्याचे मुख्य बटण दाबले होते. बंद कारखान्यात यंत्र कोणी चालवले म्हणून तो तिकडे धावला, आणि तिने आमच्या बाजूची कडी सरकवली. खडा दुसरीकडे फेकला, इतकेच ती मला म्हणाली.

त्याने दाराची काच ठोशाने फोडून हात बाहेर काढला. कडी वर होती, बोटे पोचेनात. मनगट फाटले, रक्त दारावरून ओघळत खाली आले. आम्ही चपला न घालता निघालो. पोलिसांनी त्याला दवाखान्यातूनच नेले. माझ्या डोक्याला नऊ टाके आहेत. मोजणारी कोण, ते सांगायला नको.

आता तुझ्या वर्गाची एक सोपी परीक्षा घे. प्रत्येकाला आपले घर आठवणीने काढायला सांग, बाकी काही सांगू नकोस. बहुतेकजण पलंग काढतील, टीव्ही काढतील. ज्याने कड्या कोणत्या बाजूला आहेत ते दाखवले, त्याच्या घरी स्वतः जा. पत्र पाठवू नकोस.

तुझी छबी