सराईवाल्याचा आवाज

रूसे, १९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय लाचेझारदादा,

तुम्ही सगळे बरे असाल. आईचा गुडघा आता वाकतो. जिना एकटी उतरते आणि उतरल्यावर मला शिव्या घालते, म्हणजे ठीकच आहे. द्राक्षाचा मांडव मी छाटला. तुझ्यासारखा नाही जमला.

पत्र बघून दचकला असशील. आपण वर्षातून एकदा, आईच्या नावाच्या संताच्या सणाला, नामदिनाला, फोनवर हवापाण्याचं बोलतो तेवढंच.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी मी आपला जुना खेळ सुरू केलाय. चौघं आहेत, चौघंही नवखी: भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मिल्काबाई, औषधाच्या दुकानातलं जोडपं, आणि बंदरावर क्रेन चालवणारा स्पास. पहिल्याच दिवशी मिल्काबाई म्हणाल्या, "पट कुठाय? सोंगट्या कुठायत?"

"बाई, पट नाही. जग मी सांगतो. त्यात आपण कोण ते तुम्ही ठरवायचं. जमेल की नाही अशी वेळ आली की फासा टाकायचा."

"म्हणजे मी चेटकीण होऊ शकते?"

"हो."

"मग चाळीस वर्षं शाळेत काय होते मी?"

दीड महिना तयारी केली. नवख्या माणसांपुढे एकदम सगळं राज्य मांडू नये, म्हणून एक नदीघाट, एक सराई आणि एक नाहीसा झालेला नावाडी, बस्स. प्रत्येक पात्राची चिठ्ठी केली: नाव काय, हवंय काय, लपवतो काय, आवाज कसा. खेळ रंगला. चीज भरलेली बानित्सा संपली तरी कुणी उठेना. फक्त स्पास पुन्हा आला नाही. त्याच्या कामाच्या पाळ्या बदलल्या असतील.

दादा, हे खोटं लिहिलं. पाळ्याबिळ्या काही नाही.

सराईवाल्याच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, ‘तोतरा. हमखास हशा.’ आणि हशा आलाच. "य... य... या" एवढ्यावरच मिल्काबाई डोळे पुसायला लागल्या. मग मलाही चेव आला. सराईवाला पाहुण्यांची नावं विसरायला लागला, स्वतःच्याच दारावर आपटायला लागला. स्पास दोन तास गप्प बसून होता. मला वाटलं, बुजलाय. शेवटी मीच म्हणालो, "स्पास, तुझा शिपाई सराईवाल्याला काय विचारतो?"

त्याने तोंड उघडलं. ‘नावाडी’मधला ‘ना’ त्याच्याकडून सुटेना. औषधवाल्याला वाटलं, तो माझीच नक्कल करतोय. तो टाळी देऊन हसला. स्पासने फासा टेबलावर नीट ठेवला, जॅकेट उचललं आणि गेला.

मंगळवारी त्याला बंदराच्या फाटकाशी गाठलं. म्हटलं, "चुकलं माझं. मला माहीत नव्हतं."

तो सावकाश बोलला, अडखळत, पण एकही शब्द न गाळता. "म्हणजे मी समोर नसताना केलं तर चालतं." मग म्हणाला, "आणि तोतरा केलास ते केलास. बावळट कशाला केलास त्याला?"

तो आवाज मी शोधलेला नव्हता. तुझाच होता.

तू सतरा वर्षांचा होतास, मी चौदाचा. पोरं आपल्या स्वयंपाकघरात तुझ्यासाठी जमायची. खेळातलं जग सांगताना तू अडखळायचास आणि कुणालाही घाई नसायची. तेच मला सहन होत नव्हतं. तू पाणी आणायला उठलास आणि मी तुझ्या खुर्चीत बसून, तुझ्या आवाजात, राजाचं भाषण ठोकलं. सगळे लोळले. तू दारात उभा होतास. तू मला दिसला होतास, दादा. दिसूनही मी वाक्य पुरं केलं.

त्या रात्री तू तुझी खेळाची वही माझ्या पलंगावर ठेवलीस. पुन्हा कधी खेळला नाहीस. आईला मी सांगितलं, दादाला कंटाळा आला.

नदीघाट त्याच वहीतला आहे. वाचनालयाच्या दारावर मी कागद डकवला होता: ‘ओग्नियानने स्वतः रचलेलं जग’. काल तो फाडला आणि आलेल्या तिघांना सांगितलं की हे जग माझ्या भावाचं आहे, आणि ते माझ्या हाती कसं आलं तेही. मग मिल्काबाई म्हणाल्या, "मीही हसले होते." स्पास आला नाही. येईलसं वाटत नाही.

आज सकाळी आईलाही खरं सांगितलं. ती भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत होती. वर न बघता म्हणाली, "कंटाळलेला पोरगा तसा रडत नाही."

वही सोबत पाठवतोय. तू नको म्हणालास तर खेळ बंद. फोन केलास तर मी मध्ये बोलणार नाही. इतकी वर्षं नामदिनाच्या फोनवर तू अडलास की तुझी वाक्यं मीच पुरी करत आलोय, आणि त्याला मी मदत समजत होतो.

माफी मागायलाही सत्तावीस वर्षं लावणारा,
तुझा धाकटा
ओग्नियान