खडूची फुली

सोमवार

जीपवाल्यानं मला फाट्यावरच उतरवलं, अन् वर म्हणतो कसा, मावशी, पुढं रस्ता खराब हाय, टायर फुटंल. त्याचं टायर फुटतंय, अन् माझ्या टाचा काय लोखंडाच्या हायत? डोक्यावर पेटी, काखेत वजनकाटा, हातात पिठाची पिशवी, अशी दिंद्रुडच्या फाट्यापासून ढेकळं तुडवत आले. मंजुषा मॅडम, गाडी दारात जाईल म्हणून तुमीच सांगितलतं. रोजचं रोज लिहा म्हणलात ना, मग पयलं हेच वाचा.

पर खोली बघितली अन् राग निवला. पत्र्याची हाय, खताचा वास मारतो, तरी माझी एकटीची हाय. आजवरचे हिवाळे उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत गेले. कोपीला दारच नसतं, मग कुलूप कुठलं? मी नवं कुलूप घेतलं अन् किल्ली कमरंला खोचली. शिकाऊ म्हणून हे घरोघरच्या बायांच्या पाहणीचं काम नीट पार पाडलं तर आरोग्यताई म्हणून कायम घेणार हायत. मग कोयता पुन्हा हातात धरायचा न्हाई. संध्याकाळी एकटीनंच पिठलं केलं अन् पोटभर जेवले. लई बरं वाटलं.

मंगळवार

वस्ती म्हणजे नुसती कुलपं. दिवाळी झाली अन् समदी माणसं ऊसतोडीला गेली. मागं राह्यली म्हातारी, शेरडं अन् कुत्री.

कामाची रीत निघायच्या आधी तुमच्या हाताखालच्या वैष्णवीनं शिकवली हाय. ही पोरगी शहरातल्या कॉलेजात आरोग्याचा अभ्यास करते. ऊसतोडीच्या बायांच्या गर्भाच्या पिशव्या एवढ्या लवकर का काढतात, ते तिला शोधायचंय. दारात जायचं, यादीतल्या बाईला नावानं हाक मारायची, थांबायचं, पुन्हा मारायची. कुणी आलं न्हाई तर दारावर खडूनं फुली. फुली म्हणजे बंद घर. बंद घराचं पुढं कुणी काही विचारत न्हाई.

तवाच तिला मी म्हणलं, माझीबी पिशवी काढलीय. कामाला खाडा नको म्हणून मुकादम अन् डॉक्टर दोघं मिळून मागं लागलते. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला असलं आवडत न्हाई. मी इचारलं, तुमी दरसाल येता, तर मला आजवर कावून इचारलं न्हाई? मग मलाच कळलं. मी फडात असायची. आमच्या दारावरबी फुलीच असंल.

बुधवार

हाका मारून घसा बसला. स्वतःचाच आवाज भिंतीवर आपटून परत येतो. माणसाचं तोंड बघायला जीव आसुसलाय, अन् मी कुणासाठी आसुसणारी बाई न्हाई.

लिंबाखालच्या घरापाशी यादीत नाव होतं उज्ज्वला. दाराला कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं. रीत म्हणून हाक मारली. आतून आवाज आला, आले.

बारीक आवाज. हातातलं काम टाकून बाई येते तसा. मी थांबले. पुन्हा हाक मारली. पुन्हा, आले. येतीय कुठं? ऊन डोक्यावर आलतं, पाय दुखत होते. मी म्हणलं, यायचं तर ये, न्हाईतर बस तिथंच. फुली मारली अन् पुढं गेले.

पुढं गेल्यावर कळलं. कुलूप तर बाहेरून होतं.

गुरुवार

शेरडांमागं फिरणारी भिवराबाई भेटली. डोळ्यानं कमी दिसतं, जीभ मात्र तिखट. मला म्हणाली, तू व्हय ती, भिंतीला हाका मारत हिंडणारी येडी? मी तिला उज्ज्वलाचं सांगितलं. तिचं हसणं थांबलं.

म्हणाली, इथली रीत हाय. तोडीला निघताना घरधनीण उंबऱ्यात उभी राहून एकेकाला नावानं हाक मारते. ज्यानं त्यानं आले म्हणत बाहेर यायचं, मग कुलूप. घरात कुणी मागं राहू नये म्हणून. उज्ज्वला मागच्या साली पिशवी काढल्यावर फडातच गेली. तिकडंच जाळली. औंदा निघताना मेलेलीला कोण हाक मारणार? घरच्यांनी कुलूप लावलं अन् गेले. ती आतच राह्यली.

यादी जुनी होती, मॅडम. मेलेल्या बाईचं नाव तुमच्या पोरींनी कावून काढलं न्हाई?

भिवराबाई म्हणाली, तू तिला हाक मारलीस, तिनं ओ दिली, अन् तू तिला बंद म्हणून आलीस. आता ती तुला हाक मारंल. ओ देऊ नको.

मी म्हणलं, म्हातारे, असल्या गोष्टी नातवाला सांग. तिनं शेरडं वळवली अन् पाठ फिरवली.

शुक्रवार

लिंबाच्या घरी गेले. दारावर फुली न्हाई. कुलूप उघडं, आत नुसता गार अंधार. हाक मारली. कुणी ओ दिली न्हाई.

परत आले तर फुली माझ्या दारावर. पदरानं पुसली. पाण्यानं घासली. ओली असताना दिसत न्हाई, वाळली की पुन्हा—

भिवराबाईकडं गेले. तिनं दार लावून घेतलं. आतनं म्हणाली, जा बाई, मला ओ द्यायला लावू नको.

फोनला रेंज न्हाई.

शनिवार

सकाळी भाकरी थापत होते. दोन्ही हात पिठात. बाहेरून कुणी म्हणलं, छबे.

छबुबाई न्हाई. मावशी न्हाई. छबे. आई गेल्यापासनं मला तसं कुणी—

तोंडातनं निघून गेलं. आले.

दार लागलं. मी लावलं न्हाई.

किल्ली माझ्या कमरंला हाय. कुलूप बाहेरून हाय.

सोमवार

वैष्णवी आली. तिच्या चपला ओळखल्या. मावशी म्हणाली. मी म्हणलं, आले. पुन्हा म्हणाली. मी पत्रा बडवला, बोंबलले, आले गं, हितं हाय, आले—

पोरगी दाराला कान लावून उभी. श्वास ऐकू येत होता तिचा. कुणालातरी म्हणाली, मावशी काम सोडून गेल्या वाटतं.

मग खडू. दारावर खडू वाजला. दोनदा. आडवा, उभा.

मॅडम, मी काम सोडलं न्हाई. मी आत हाय. अशा किती बायांच्या दारावर तुमी—

पीठ संपलं. भूक लागत न्हाई, त्याचीच भीती—

शुक्रवारपर्यंत मला उत्तर पायजे. कुणालाबी पाठवा, पर नुसती हाक मारून जाऊ देऊ नका. कुलूप तोडा. फुली पुसा. माझं नाव यादीत लिहा. छबुबाई, घरात हाय, असं लिहा. शुक्रवारपर्यंत. न्हाईतर पुढच्या साली जी पोरगी या दारात उभी राहील तिला मी तिच्या आईच्या आवाजात—