गुरुबारीचा उजवा कान

१ ऑगस्ट, मंगळवार
आज फार आनंद झालाय, म्हणून लिहायला बसले. रात्रवर्गात शिकलेली अक्षरं कधीतरी वापरायला नकोत का? शाळेचे मास्तर, ते पात्र आडनावाचे, वाटेत भेटले. म्हणाले, "म्हातारे, तुझ्या नातीला पाठीमागून हाक मारली तर वळतच नाही." म्हटलं, वळेल कशी! ती नात थोडीच आहे, माझी आई आहे. सात वर्षांपूर्वी ही जन्मल्यावर बेजुणीने, आमच्या देवऋषीणबाईने, वाटीतल्या पाण्यात तांदूळ सोडत आमच्या घरच्या मेलेल्यांची नावं घेतली, तेव्हा आईच्या नावाला दाणा दाण्याला चिकटला, म्हणजे तीच परत आली. सगळ्या गावाने पाहिलं. म्हणून तर पोरीचं नावही गुरुबारीच ठेवलं. मी तिला आईच म्हणते. आणि आई शेवटी शेवटी बहिरी झाली होती! मास्तर कपाळाला हात लावून गेले. शिकलेल्यांना मेलेली माणसं ओळखता येत नाहीत, त्याला ते बिचारे काय करणार.

४ ऑगस्ट
शाळेत तपासणीची गाडी आली. पोरांचे दात, डोळे, कान पाहिले. आई चिठ्ठी घेऊन आली. "उजवा कान" एवढं लागलं, पुढचं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेलेली. चिठ्ठी छपरात खोचली. मुलगा-सून विजयवाड्याला बांधकामावर आहेत. रविवारी फोन आला की सांगेन. लपवणार मुळीच नाही.

६ ऑगस्ट
फोन आला. भातलावणीचं बोलणं लांबलं. चिठ्ठीचं राहिलं.

८ ऑगस्ट
शाळेची नर्स सस्मिता दीदी दारात. म्हणाली, "मावशी, चिठ्ठी कुठाय?" म्हटलं शेळीने खाल्ली. म्हणे, तुमच्याकडे शेळी कुठाय? म्हटलं शेजारणीची. त्यावर म्हणाली, "या गावच्या शेळ्यांनी माझ्या इतक्या चिठ्ठ्या खाल्ल्यात, एव्हाना त्या डॉक्टर व्हायला हव्या होत्या." पोरगी तिखट आहे, पण चांगली आहे. कानात पू आहे म्हणे. घरी कुणी औषध घालत नाही, म्हणून शाळेतच जेवणानंतर ती स्वतः थेंब घालणार. पोरीला रोज पाठवा, एवढंच. पाठवते म्हटलं.
कान उघडला तर आई राहील का, हे विचारायचं राहून गेलं.

९ ऑगस्ट
पाठवलं नाही. पाऊस.

१० ऑगस्ट
पाऊस नाही, पण चिखल.

११ ऑगस्ट
चिखल वाळला. पण शुक्रवारी नवीन काही सुरू करू नये. उद्यापासून नक्की.

१४ ऑगस्ट
आज तर तंतोतंत आई! मान उजवीकडे कलती, हात कानामागे, नाचणीची आंबील नको म्हणते. शेवटच्या दिवसांत अशीच बसायची. तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारी सोंग करतेय. पाणी मागत होती. "आल्यावर देते" म्हणून मी हाटाला गेले. मीठ संपलं होतं. परत आले आणि मिठाची पुडी घेऊन दारातच उभी राहिले, एवढंच आठवतं.
आज मी तीनदा पाणी विचारलं. ती नुसती माझ्या ओठांकडे बघत राहिली. तिच्या मनातला राग गेला असेल. गेलाच असणार. नाहीतर परत कशाला आली असती?

१६ ऑगस्ट, बुधवार
घोळ झाला. बुधवारी शाळेत अंडं देतात. मी शेण काढत होते तेवढ्यात आई पळाली, अंगात ताप असताना. दीदीने कानामागची सूज पाहिली आणि तिला तशीच गाडीत घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली. मला पात्र मास्तरांनी मोटरसायकलवर मागे बसवून आणलं. कागदावर सही केली, अंगठा नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवस झाले? म्हटलं, बाई, मला विचारा, मला सगळं पाठ आहे, माझ्या आईचं हुबेहूब असंच होतं. आधी पू आला, मग ऐकू येईना, मग कानामागे फुगलं, मग डोकं धरून बसायची, मग ताप.
"मग?" बाई म्हणाल्या.
मी वळून पोरीकडे पाहिलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आत आवाज दिला. दुपारी ऑपरेशनला नेलं.

३० ऑगस्ट
परवा घरी आणली. ऐकू येतं. कोंबडा आरवला तर दचकून मला बिलगली. आज शाळेत गेलो, थेंब अजून चालू आहेत. दीदी म्हणाली, इतके महिने ठणकत असणार, बोलली कशी नाही? मी पोरीला विचारलं. हळूच विचारलं, तरी तिला ऐकू गेलं.
म्हणाली, "दुखलं की तू खूश व्हायचीस."
दीदी खिडकीकडे तोंड करून बाटलीचं झाकण लावत राहिली. घरी यायला निघालो. पोरगी पुढे गेली होती. तिला थांबवायचं होतं, पण काय म्हणून हाक मारावी ते सुचेना. तशीच मागे मागे चालत आले.