ऑपल टॉलिव्हर यांच्या शिवणीबाबत

ऑपल जीन टॉलिव्हर, तुझी शिवण सुटली नव्हती.

हे वाक्य मृत्युपत्राच्या आरंभी असू नये, असे माझ्या वकीलबाईंचे मत आहे. दिवंगत व्यक्तीला उद्देशून लिहिलेल्या मजकुराला कायद्यात अर्थ नसतो आणि दिवंगत व्यक्तीला काही देताही येत नाही, हे त्यांनी मला शांतपणे समजावले. मी त्यांचे म्हणणे मान्य केले आणि वाक्य तसेच ठेवले. इतरांना काही देण्यापूर्वी जे तुझे आहे ते तुला द्यावे, एवढाच हेतू. यापुढील मजकूर कायद्यासाठी आहे.

मी, वेंडेल ऑगस्टस टॉलिव्हर, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, राहणार कॉर्बिन क्रीक, आयडाहो, आपली मालमत्ता माझ्या पश्चात कोणाकडे जावी हे या कागदाने ठरवून ठेवीत आहे. गेल्या फेब्रुवारीत पत्नी ऑपल वारल्यापासून माझी झोप कमी झाली आहे. समज कमी झालेली नाही. कोणी मला भरीस पाडलेले नाही. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सर्व काही पत्नीला दिले होते, कारण मीच आधी जाणार असे आम्ही दोघांनी गृहीत धरले होते.

१. राहते घर, त्यामागील सफरचंदाची झाडे व घरातील सामान माझ्या पत्नीची भाची लोरेन हिला मिळावे. स्वयंपाकघराची खिडकी उघडताना खालून डाव्या बाजूला गुडघ्याने ढकलावी लागते. मी ती चाळीस वर्षे दुरुस्त करणार होतो.

२. बँकेतील ठेव गावच्या वाचनालयाला द्यावी. तिच्यातून विज्ञानाची पुस्तके घ्यावीत. कोणती, हे मी ठरवणार नाही. मला लांबलचक सूचना लिहिण्याची खोड आहे आणि तिचे परिणाम कलम पाचमध्ये आले आहेत.

३. माझे बंधू क्लॅरेन्स यांना त्यांचे बर्फ उपसण्याचे फावडे परत करावे. ते मी १९८३ साली आणले होते. माझ्या लग्नात त्यांनी, “वेंडेलने चांभारीण केली,” असे सर्वांदेखत म्हटले, त्याबद्दल त्यांना याहून अधिक काही मिळणार नाही.

४. माझ्या पत्नीच्या चामडीकामाच्या कारखान्यातील हत्यारे, म्हणजे चामडे टोचायच्या आऱ्या, कापायच्या राप्या, शिवणीचे लाकडी चिमटे, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळे, शिलाईयंत्र आणि पुठ्ठ्याचे सर्व नमुने, पलीकडच्या खोऱ्यातील खोगीर बनवणाऱ्या श्रीमती मायते एचेबेरिया यांना मिळावेत. मायते व माझी पत्नी तीस वर्षे एकमेकींच्या कामाला नावे ठेवीत आल्या. अंत्यविधीनंतर मायते कारखान्यात आल्या, भिंतीवरचे एक म्यान उतरवून त्यांनी त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “मास्तर, ही बाई मला एकदाही चूक सापडू द्यायची नाही. फार राग यायचा मला तिचा.” मग त्या बाहेर जाऊन बराच वेळ गाडीत बसून राहिल्या. हत्यारे योग्य हाती जात आहेत.

५. हे कलम मोठे आहे. वकीलबाईंनी ते वेगळ्या पत्रात लिहावे असे सुचवले होते. मला ते याच कागदावर, साक्षीदारांच्या सह्यांच्या वर हवे आहे.

माझी पत्नी खांद्याला अडकवून बगलेत धरायची रिव्हॉल्व्हरची चामडी म्याने बनवीत असे. १९७०च्या दशकाच्या आरंभी एका चित्रपटातल्या पोलिसाने कोटाखालून इतके मोठे रिव्हॉल्व्हर काढले, की या भागातल्या निम्म्या पुरुषांना तसलेच हवेसे झाले. ते विकत घेतल्यावर त्यांच्या लक्षात येई, की एवढे अवजड हत्यार कमरेला लावले तर पँट खाली येते. मग ते ऑपलकडे येत. उरलेले निम्मे गिऱ्हाईक म्हणजे शिकाऱ्यांना डोंगरात नेणारे वाटाडे. त्यांना ते खरोखर अस्वलासाठी लागे. ऑपल प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारी, “अस्वलासाठी की आरशासाठी?” आणि कोणी ओशाळून “आरशासाठी” म्हटले, तर त्याचे काम ती अधिक मन लावून करी.

ओले चामडे ओतीव नकली रिव्हॉल्व्हरवर हाडाच्या पट्टीने दाबून ती त्याला आकार देई. वाळल्यावर तो आकारच खऱ्या रिव्हॉल्व्हरला धरून ठेवतो. म्हणून अशा चामड्याला कधीही तेल पाजायचे नसते. तेलाने ते मऊ पडते आणि पकड जाते. मालासोबत द्यायचे सूचनापत्रक लिहिणे व घालणे ही माझी जबाबदारी होती. ऑपल म्हणे, “मास्तर, तीन शब्द लिही. तेल लावू नका. झालं.” मी चौदा ओळी लिहिल्या होत्या. तेलाचा उल्लेख अकराव्या ओळीत, चामड्याच्या तंतूंच्या रचनेनंतर येत असे.

२००१ च्या शरदात डॉयल पेटिग्रू या वाटाड्याने साडेसहा इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरसाठी म्यान, पट्टे व काडतुसांचा बटवा असा पूर्ण साज घेतला. तो माझा विद्यार्थी. मी त्याला दोनदा नापास केले होते. ऑपलच्या प्रश्नाला त्याने, “दोन्हीसाठी, ऑपलबाई,” असे उत्तर दिले होते. पुढच्या सप्टेंबरात, मागे खेचरांची रांग घेऊन ओढा ओलांडताना तो घोड्यावरून वाकला, तेव्हा रिव्हॉल्व्हर बगलेतून निसटले. ते पकडायला त्याने डावा हात टाकला, खेचर बुजले आणि उजव्या हाताला गुंडाळलेल्या खेचराच्या दोराने त्याचा अंगठा नेला. दोर हाताला गुंडाळू नये हे त्यालाही ठाऊक होते. इथे सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळेच गुंडाळतात.

इस्पितळातून सुटल्यावर एका शनिवारी नेल ब्रॅकेट यांच्या पशुखाद्याच्या दुकानात, दहाबारा माणसांसमोर, तो म्हणाला, “ऑपलबाईंची शिवण सुटली.” आमचा कारखाना त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत होता आणि मधले दार उघडे होते.

ऑपल आत कामाला बसली होती. त्या दिवसापासून तिने प्रत्येक शिवण दुहेरी घातली आणि मालावर आपला ठसा मारणे बंद केले. तिचा ठसा म्हणजे एक लहानसा चिमणीसारखा पक्षी. तो तिने स्वतः पोलादात कोरला होता. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाली, “ज्याची खात्री नाही त्याच्यावर नाव कशाला?”

डॉयलकडे जाऊन ते म्यान पाहण्यास मी मागावयास हवे होते. मी मागितले नाही, आणि त्याचे कारण आज प्रथमच लिहीत आहे. ज्या दिवशी त्याचा माल बांधला, त्या दिवशी मी परीक्षेचे पेपर तपासत होतो आणि पत्रक घातल्याचे मला आठवत नव्हते. ऑपल समजत होती की चूक तिच्या दोऱ्याची. मी समजत होतो की पत्रक नसल्याने त्याने तेल लावले, म्हणजे चूक माझी, आणि ती उघड झाली तर तिला माझ्यामुळे डाग लागल्याचे कळेल. नऊ वर्षे एकाच टेबलावर जेवून आम्ही दोघांनी हे एकमेकांपासून लपवले.

या जूनमध्ये डॉयल कारखान्यात आला. काखेत पोत्यात गुंडाळलेले ते म्यान होते, पट्ट्या-बटव्यासकट.

“मास्तर, हे तुमच्याकडे ठेवा. बाई गेल्यापासून खळ्यात टांगलेल्या याच्याकडे बघवत नाही मला.”

मी ते खिडकीपाशी नेले. इंचाला आठ टाके, एकही तुटलेला नव्हता. चामडे मात्र काळे पडले होते आणि ओल्या फडक्यासारखे हातात लोंबत होते.

“तेल लावलंस?”

“लावलं की. नवीन होतं तेव्हा फार कुरकुरायचं. एल्क हरणाला दोन मैलांवरून ऐकू जाईल असं. मग दोन दिवस बादलीत ठेवलं, गुरांच्या खुरांच्या तेलात. लोण्यासारखं झालं बघा.”

“बुडवून?”

“बुडवूनच. का?”

मी काडतुसांचा बटवा उघडला. सहा काडतुसे हिरवी पडून आत चिकटली होती. चामड्यातल्या आम्लाने पितळ असे होते, हे मी त्याला अकरावीत शिकवले होते. ती काढल्यावर तळाशी चार घड्या घातलेला कागद निघाला. माझे अक्षर, माझ्या चौदा ओळी, माल बांधल्याच्या दिवसाची तारीख. पाठीमागे पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत, ऑपलने लिहिले होते: “डॉयल, तेल लावू नकोस. मास्तरांचं बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल.”

डॉयलने तो दोनदा वाचला.

“हा कागद मी कधी पाहिलाच नाही. काडतुसं कोंबली आणि निघालो.” मग तो कागद उलटा करून म्हणाला, “मास्तर, खरं सांगू? पाहिला असता तरी चौदा ओळी वाचल्या नसत्या. पाठीमागचं मात्र वाचलं असतं.”

मी स्टुलावर बसलो. माझ्या छातीवरून जे उतरले त्याला वजनाचे कोणतेही एकक मला ठाऊक नाही. पत्रक आत होते. शिवण शाबूत होती. मी हसू लागलो आणि मग मला थांबता आले नाही. डॉयलने मला पाणी आणून दिले. दुःख एकच उरले, की हे ऐकायला ती नव्हती. परंतु त्यासोबत एवढेही कळले, की आपल्या कामात कोठे उणे राहील हे तिने आधीच ओळखले होते. ते दोऱ्यात नव्हते, माझ्या चौदा ओळींत होते, आणि माझे मन न दुखवता तिने ते पाठीमागे दुरुस्त करून ठेवले होते.

१९८६ साली ऑपल तापाने पडली असताना मी एका म्यानाचे चामडे कापले होते. नमुना चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर उलटा ठेवला गेला आणि म्यान डावखुऱ्याचे झाले, उजव्या बगलेत लटकणारे. हा घोटाळा या धंद्यात प्रत्येकाकडून एकदा होतो. मायतेंकडूनही झाला आहे, त्या कबूल करीत नाहीत. ऑपलने ते टाकले नाही. शिवून, आकार देऊन भिंतीला अडकवले. “ठसा मात्र गिऱ्हाईक आल्यावर,” म्हणाली. पंचवीस वर्षांत डावखुरा कोणी आला नाही.

डॉयलला आता अंगठ्याअभावी उजव्या हाताने रिव्हॉल्व्हर धरता येत नाही. तो डाव्या हाताने नेम धरायला शिकला आहे.

सबब मी असे ठरवले होते, की ते म्यान माझ्या पश्चात डॉयल पेटिग्रू याला मिळावे. अट अशी, की त्याने ब्रॅकेट यांच्या दुकानात, शनिवारी सकाळी, किमान दहा माणसांसमोर खरे काय घडले ते सांगावे. अट पूर्ण झाली हे कोण ठरवणार, असे वकीलबाईंनी विचारले. मी म्हटले, नेल. मजकूर डॉयलला दाखवला, तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही मरेपर्यंत थांबायचं कशाला, मास्तर? या शनिवारी गर्दी आहे. गुरांच्या मिठाच्या विटा स्वस्त लावल्यात नेलने.”

१७ सप्टेंबर रोजी त्याने टोपी काढली आणि मिठाच्या ढिगाशेजारी उभा राहिला. “ऐका रे जरा. नऊ वर्षांपूर्वी मी इथं म्हणालो होतो की ऑपलबाईंची शिवण सुटली. सुटली नव्हती. मीच ते म्यान दोन दिवस तेलाच्या बादलीत ठेवलं होतं.”

“अख्खं?” मागून कोणीतरी विचारले.

“अख्खं.”

“अरे, म्यानाचं लोणचं घालतात का?”

सगळे हसले. डॉयलही हसला, पण टोपी त्याने डोक्यावर घातली नाही. नेल काउंटरवरून म्हणाल्या, “हसा हवं तेवढं. ऐकलंत ना सगळ्यांनी? घरी जाऊन बायकांनाही सांगा. मग कॉफी घ्या.” मी ओटच्या पोत्यावर बसून होतो. मोजली तेव्हा सतरा माणसे भरली.

अट पूर्ण झाली, म्हणून हे कलम आता देणगी म्हणून नव्हे, नोंद म्हणून राहावे.

६. कारखान्याच्या दाराशेजारचा उभा आरसा, ज्यात चाळीस वर्षे पुरुष कोट उघडून स्वतःकडे पाहत आले, नेल ब्रॅकेट यांच्या दुकानातच राहावा. तो भिंतीला पक्का बसवलेला असल्याने इमारतीचा भाग समजावा. नेल साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही घेता येत नसल्याने त्यांना या कागदान्वये काहीही मिळत नाही.

७. पक्ष्याचा ठसा कोणालाही मिळणार नाही. मायतेंनी तो मागितला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. तो माझ्या कोटाच्या डाव्या खिशात ठेवून माझ्यासोबत पत्नीशेजारी पुरावा. डॉयलने परत आणलेले म्यान जाळू नये; मजबूत शिवण कशी असते हे दाखवण्यासाठी ते मायतेंकडे द्यावे. पेन्सिलीने लिहिलेला कागद माझ्याकडेच राहील, वरील खिशातच.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी लोरेनने करावी. हिशेब ठेवावा, पण माझ्यासारखा ठेवू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. मी तीन स्वल्पविराम बदलले आणि आम्हां तिघांच्या उपस्थितीत, एकाच वेळी, सही केली.

वेंडेल ऑगस्टस टॉलिव्हर (सही)

साक्षीदार:
नेल मार्गारेट ब्रॅकेट, दुकानमालक (सही)
अर्ल सुमिदा, निवृत्त पोस्टमास्तर (सही)

स्थळ: ब्रॅकेट यांच्या दुकानामागील खोली, कॉर्बिन क्रीक, आयडाहो
दिनांक: शुक्रवार, ३० सप्टेंबर २०११

पुरवणी नोंद, त्याच दिवशी, साक्षीदारांसमक्ष: आज खोलीच्या भाडेकराराचा शेवटचा दिवस. सह्या झाल्यावर डॉयल पेटिग्रू आला. भिंतीवरचे म्यान मी उतरवले, पाठीमागची बाजू ओलसर केली, ऐरणीवर ठेवली आणि ठसा मारला. नऊ वर्षांनंतरचा हा पहिला ठसा. थोडा तिरका बसला आहे. देण्यापूर्वी मी विचारले, “अस्वलासाठी की आरशासाठी?” डॉयल म्हणाला, “आधी आरशासाठी, मास्तर. बाईंनी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.” तो आरशासमोर बराच वेळ उभा राहिला. चामडे कुरकुरत होते. त्याला तसे ते कुरकुरू द्यायचे आहे, असे तो आपणहून म्हणाला.

खोली रिकामी करायची म्हणून मायतेंची गाडी हत्यारे घेऊन चार वाजताच गेली. दिवा बंद केला. दाराला कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या नेल ब्रॅकेट यांच्या हाती परत दिल्या.